गुलामगिरी १८६५ ला संपली, मग अमेरिकेत समान हक्कांसाठी आणखी शंभर वर्षं का लागली?

प्रश्न: महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. तिथे १८६५ मध्येच गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती. मग समान वागणुकीचा कायदा व्हायला १९६४ साल का उजाडावं लागलं? मधली शंभर वर्षं तिथले काळे लोक आणि बाकीचे वंचित समाज काय करत होते?

उत्तर: मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. तीस वर्षं वकिली केली आणि संध्याकाळच्या वर्गाला राज्यघटना शिकवली. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि त्यातल्या ‘काय करत होते’ या तीन शब्दांना मी दरवर्षी अडखळतो. ते भांडत होते. शेतात, रस्त्यावर, मतदान केंद्रावर आणि सगळ्यात जास्त चिकाटीने कोर्टात. त्यांच्यापैकी कितीतरी जणांची नावं आज आम्हाला पाठ आहेत ती हरलेल्या खटल्यांची शीर्षकं म्हणून.

आधी एक गैरसमज दूर करू. काळ्यांचे हक्क नंतर ‘काढून घेतले’ असं सरसकट म्हटलं जातं. घटनेतलं एक अक्षरही कुणी काढलं नाही. गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती (१८६५), नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी (१८६८), वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी घालणारी पंधरावी (१८७०) या तिन्ही जशाच्या तशा आजही तिथे आहेत. हक्क कागदावर राहिला आणि दाद मागायची दारं एकेक करून लावली गेली. हे कसं झालं ते कळायला पुढारी आणि लढाया बाजूला ठेवून निकालपत्रं वाचावी लागतात.

सुरुवात मात्र जमिनीपासून करतो, कारण मुक्त झालेल्यांनीही तिथूनच केली होती. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत पेटलेलं यादवी युद्ध संपत आलं होतं. १२ जानेवारी १८६५ ला जॉर्जियातल्या सव्हाना गावी उत्तरेचा सेनापती जनरल शर्मन वीस काळ्या धर्मोपदेशकांना भेटला. त्यांच्या वतीने बोलले गॅरिसन फ्रेझर, वय ६७, उभं आयुष्य बहुतेक गुलामीत गेलेलं. तुम्हाला काय हवं, या प्रश्नाला त्यांचं उत्तर सरळ होतं: जमीन द्या, ती आमच्या हातांनी कसू. चार दिवसांनी शर्मनने आदेश काढला आणि किनारपट्टीच्या जमिनीवर कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत तुकडे पाडून सुमारे चाळीस हजार माणसं वसवली गेली. लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला आणि वर्ष सरायच्या आत त्याने त्या जमिनी जुन्या मालकांना परत करायचं धोरण धरलं. कुळकायद्याच्या दाव्यांत मी बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळे हा भाग वाचताना मला फार समजावून सांगावं लागत नाही. पायाखाली जमीन नसलेल्या माणसाला मत मिळालं तरी मत देऊन परत जायचं ते मालकाच्याच वावरात.

जमीन गेली त्याच सुमारास दक्षिणेतल्या राज्यांनी ‘काळे कायदे’ केले. मिसिसिपीत दर जानेवारीत कामाचा लेखी करार दाखवा, नाहीतर भटके म्हणून अटक. दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. तेराव्या दुरुस्तीत ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून’ असा अपवाद आहे, त्या फटीतून कैद्यांना भाड्याने देण्याचा धंदा पुढे कित्येक दशकं चालला. उत्तरेला याची चीड आली, म्हणून १८६६ चा नागरी हक्क कायदा अध्यक्षाचा नकाराधिकार ओलांडून मंजूर झाला. त्यानंतरची काही वर्षं खरोखर विलक्षण होती. काळे पुरुष मतदान करू लागले, दोन हजारांच्या आसपास काळी माणसं लहानमोठ्या पदांवर बसली, १८७० मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये गेले. दक्षिण कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहात तर काळ्यांचं बहुमत होतं. शाळा निघाल्या.

आता १८७३ वर येऊ. फुल्यांच्या ग्रंथाचं हे साल, आणि अमेरिकेतही फासे याच साली पलटले. एप्रिलचे लागोपाठचे तीन दिवस बघा.

१३ एप्रिल, ईस्टरचा रविवार. लुईझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. तिथल्या ग्रँट पॅरिशचं मुख्य ठिकाण कोलफॅक्स. आधल्या वर्षीच्या निवडणुकीत दोन्ही पक्षांनी विजयाचा दावा केलेला. कोर्टाच्या इमारतीचा ताबा रिपब्लिकन पक्षाच्या, म्हणजे तेव्हा काळ्यांच्या हक्कांची बाजू घेणाऱ्या पक्षाच्या, काळ्या लोकांकडे होता आणि ते खंदक खणून तिचं रक्षण करत होते. गोऱ्यांची सशस्त्र टोळी छोटी तोफ घेऊन आली. इमारतीला आग लावली, बाहेर पडणाऱ्यांना टिपलं आणि पकडलेल्यांना रात्री गोळ्या घातल्या. मेलेल्या काळ्यांचे आकडे साठपासून दीडशेपर्यंत सांगितले जातात. गोरे तीन मेले.

१४ एप्रिल. वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीवरचा आपला पहिला मोठा निकाल दिला, आणि तो खटला होता न्यू ऑर्लिन्सच्या खाटकांचा! राज्याने कत्तलखान्याची मक्तेदारी एकाच कंपनीला दिली, म्हणून बाकीचे खाटीक कोर्टात गेले. काळ्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की चौदावी दुरुस्ती ज्या ‘नागरिकांच्या विशेषाधिकारां’चं रक्षण करते ते फक्त केंद्राच्या नागरिकत्वातून येणारे. म्हणजे कोणते? बंदरांत जाणं, भर समुद्रात संरक्षण मिळणं, राजधानीत येऊन सरकारपुढे गाऱ्हाणं मांडणं. रोजच्या जगण्यातले बाकीचे हक्क राज्यांच्या हवाली. मिसिसिपीतल्या शेतमजुराला भर समुद्रातल्या संरक्षणाचा काय उपयोग? खाटकांच्या भांडणात त्याच्या हक्काचा गळा कापला गेला.

१५ एप्रिल. मायरा ब्रॅडवेल या शिकागोच्या बाई कायद्याचं साप्ताहिक चालवत, परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या, पण बाई म्हणून इलिनॉयने त्यांना सनद नाकारली. त्यांनीही चौदावी दुरुस्तीच पुढे केली आणि आठ विरुद्ध एक मतांनी हरल्या. माझ्या विद्यार्थ्यांना इथे मी न्यायमूर्ती ब्रॅडली यांच्याकडे बघायला सांगतो. आदल्या दिवशी खाटकांच्या बाजूने मतभिन्न निकाल देताना त्यांनी लिहिलं की आपला व्यवसाय निवडणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच लिहिलं की स्त्रीचं विधिलिखित पत्नी आणि माता होणं हेच आहे. एका रात्रीत! गुरं कापायचा हक्क मूलभूत, वकिलीचा नाही.

आणि जूनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुसान अँथनी यांचा खटला चालला. आदल्या नोव्हेंबरात त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला मत दिलं, हा गुन्हा. न्यायाधीशाने आधीच लिहून आणलेला निकाल खिशातून काढला, ज्यूरीला विचार करू न देता दोषी ठरवायला सांगितलं आणि शंभर डॉलर दंड ठोठावला. भरणार नाही, असं बाईंनी तिथेच सुनावलं. यावर न्यायाधीश म्हणाला, दंड वसूल होईपर्यंत तुम्हाला कैदेत ठेवायचा आदेश मी देत नाही. दयाळूपणा वाटतो ना? कैदेत टाकलं असतं तर बाईंना हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे कैद बेकायदा आहे अशा अर्जाच्या वाटेने वर जाता आलं असतं. ती वाटच त्याने बंद करून टाकली. दंड त्यांनी शेवटपर्यंत भरला नाही.

स्त्रियांची चळवळ आणि काळ्यांची चळवळ हातात हात घालून चालली, असं मात्र समजू नका. पंधराव्या दुरुस्तीत वंश आला, लिंग आलं नाही, आणि त्यावरून १८६९ मध्ये दोघांची समान हक्कांची संघटना फुटली. काही गोऱ्या पुढारी बायकांनी त्या रागात काळ्या पुरुषांबद्दल जे लिहिलं ते आज वाचवत नाही. या दोन्हींच्या मधे उभ्या होत्या फ्रान्सिस हार्पर यांच्यासारख्या काळ्या स्त्रिया. १८६६ च्या परिषदेत त्यांनी गोऱ्या बायकांना तोंडावर सांगितलं होतं: तुम्ही हक्कांबद्दल बोलता, मी अन्यायाबद्दल बोलते.

पुन्हा कोलफॅक्सकडे जाऊ, कारण खरी मेख तिथे आहे. शंभराच्या आसपास लोकांवर आरोप ठेवले गेले, नऊ जणांवर खटला चालला, हल्ल्यातून वाचलेल्या काळ्या माणसांनी जिवावर उदार होऊन साक्षी दिल्या. तिघे दोषी ठरले, तेही खुनासाठी नाही, हक्क हिरावण्याच्या कटासाठी. प्रकरण वर गेलं आणि २७ मार्च १८७६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही सोडलं. सरन्यायाधीश वेट यांचा मुद्दा असा: चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसांना नाही. टोळीने मारलं तर ते राज्याचं कृत्य नव्हे, त्यासाठी राज्याच्याच कोर्टात जा. म्हणजे ज्यांनी कोर्ट जाळलं त्यांच्याच गावच्या ज्यूरीपुढे! आणि मताधिकाराच्या आरोपाबद्दल निकालात म्हटलं आहे की वंश हेच या वैराचं कारण असावं असा संशय घेता येतो, पण दोषारोपपत्रात तसं लिहिलेलं नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. आपल्या ॲट्रॉसिटी कायद्यातल्या कलम ३(२)(५) मध्ये पूर्वी ‘पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे या कारणावरून’ असे शब्द होते, आणि ‘जातीवरूनच केलं हे कुठे सिद्ध झालं?’ या एका प्रश्नावर किती प्रकरणं कोसळली ते फौजदारी वकिलांना विचारा. ते शब्द बदलून २०१६ पासून ‘हे माहीत असताना’ असे आले. हेतू सिद्ध करायचं ओझं कुणाच्या खांद्यावर, एवढ्यावर माणसाचा हक्क जगतो किंवा मरतो.

कोलफॅक्समध्ये १९५० साली सरकारी फलक लावला गेला. त्यावर ‘कोलफॅक्सची दंगल’ असं लिहिलं होतं आणि तिने दक्षिणेतला गैरकारभार संपवला अशी शाबासकीही होती. तो २०२१ मध्ये काढला.

१८७७ मध्ये हेज अध्यक्ष झाला आणि दक्षिणेतल्या राजकारणातून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. १८७५ चा नागरी हक्क कायदा तेवढा उरला होता: खाणावळी, आगगाड्या, नाट्यगृहं सर्वांना सारखी खुली. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही मोडीत काढला. तर्क तोच, हॉटेलवाला म्हणजे राज्य नव्हे. निकाल लिहिला ब्रॅडलींनीच, आणि वर मल्लिनाथी केली की मुक्त झालेल्या माणसाने कधीतरी कायद्याचं लाडकं लेकरू असणं सोडून सामान्य नागरिक व्हायला हवं. मुक्तीला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. आरक्षणावरच्या आपल्याकडच्या गप्पांत हेच वाक्य वेगवेगळ्या सुरांत ऐकू येतं. विरोधात एकटे न्यायमूर्ती हार्लन, केंटकीचे, स्वतः कधीकाळी गुलाम बाळगलेले.

कोर्टाबाहेर काय चाललं होतं? १८७९ मध्ये हजारो कुटुंबं बोचकी बांधून मिसिसिपी नदीकाठाने कॅन्ससकडे निघाली. १८८१ च्या जुलैत अटलांटात काळ्या धोबिणींनी संप केला. वीस जणींनी सुरू केला आणि तीन आठवड्यांत तीन हजार झाल्या. घरोघर फिरून, चर्चमध्ये सभा घेऊन त्यांनी धुण्याचा एकच दर ठरवला, बारा पौंडांना एक डॉलर. नगरपालिकेने प्रत्येकीवर पंचवीस डॉलरचा परवाना लादायची धमकी दिली. त्यांनी महापौराला कळवलं की परवाना भरायची आमची तयारी आहे, पण मग शहराचं सगळं धुणं आमच्याच ताब्यात राहील. या बायकांवर आपल्याकडे कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. लिहायला हवं.

इतर समाजांचा विचार केला तर सगळ्यात हुशारीने कोर्ट वापरलं ते चिनी लोकांनी. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली आणि चिनी माणसाला नागरिक होता येणार नाही असं ठरवलं. सॅन फ्रान्सिस्कोत नियम होता: लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवानगी घ्या. वाचायला निरुपद्रवी, आगीची भीती होतीच. पण दोनशेच्या वर चिनी अर्ज आले ते सगळे फेटाळले, आणि ऐंशीच्या आसपास बिगरचिनी अर्जांपैकी एक सोडून सगळे मंजूर केले. ‘यिक वो’ लाँड्रीवाला दंड भरण्याऐवजी तुरुंगात गेला आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. १८८६ मध्ये तो एकमताने जिंकला. कायदा दिसायला निष्पक्ष असला तरी राबवणाऱ्याचा हात पक्षपाती असेल तर समान संरक्षणाचा भंग होतो, आणि ते संरक्षण फक्त नागरिकाला नाही, प्रत्येक ‘व्यक्ती’ला आहे. पुढे १८९८ मध्ये वाँग किम आर्क नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या स्वयंपाक्याने अमेरिकेत जन्मलेला तो अमेरिकेचा नागरिक, हे सहा विरुद्ध दोन मतांनी मान्य करून घेतलं. त्याचं जन्मसालही १८७३! त्याच्या वकिलांचा खर्च चिनी संघटनांनी वर्गणीतून केला होता. मूळनिवासींची गोष्ट उफराटी. १८७९ मध्ये ओमाहाच्या कोर्टाने पोंका जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांना कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ मानलं, पण १८८४ मध्ये जॉन एल्क मत द्यायला गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तुम्ही या मातीत जन्मलात तरी नागरिक नाही. ते नागरिकत्व सरसकट मिळायला १९२४ उजाडलं.

न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या आणि मिश्रवंशीय लोकांनी १८९१ मध्ये समिती स्थापन केली, आगगाडीत काळ्या-गोऱ्यांना वेगळे डबे ठेवायच्या राज्याच्या कायद्याला आव्हान द्यायला. पुढचं सगळं आखलेलं होतं. वेगळे डबे जोडायचा खर्च रेल्वे कंपन्यांना नको होता, त्यामुळे कंपनीलाही विश्वासात घेतलं. ७ जून १८९२ ला होमर प्लेसी हा चर्मकार पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याचे आठपैकी सात पणजोबा-पणज्या गोरे, दिसायला तो गोराच. कंडक्टरला स्वतःहून सांगितलं, मी काळा आहे. अटक करायला समितीनेच खासगी गुप्तहेर ठेवला होता, म्हणजे कलम बरोबर तेच लागावं. जनहित याचिकांची तयारी मी पाहिली आहे. इतकी नेटकी तयारी क्वचितच दिसते.

त्यांचे वकील आल्बियन टूर्जी हे गोरे, यादवी युद्धात लढून जखमी झालेले, नंतर नॉर्थ कॅरोलायनात न्यायाधीश. त्यांनी फी घेतली नाही. फुल्यांची अर्पणपत्रिका कुणाला उद्देशून होती असं विचाराल तर मी या माणसाकडे बोट दाखवेन.

१८ मे १८९६ ला सात विरुद्ध एक मतांनी ते हरले. वेगळे डबे काळ्यांना कमीपणाचे वाटत असतील तर तो अर्थ त्यांनीच काढलेला, असं निकालात म्हटलं. पुन्हा एकटे हार्लन विरोधात: घटनेला रंग दिसत नाही. हे वाक्य सगळे उद्धृत करतात. त्याच निकालपत्रात थोडं पुढे त्यांनी चिनी लोकांबद्दल तुच्छतेने लिहिलं आहे, आणि वाँग किम आर्कच्या विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक तेच होते. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते हिरमुसतात. माझा इलाज नाही. प्लेसीने पंचवीस डॉलर दंड भरला.

मग उरलं मत. १८९० पासून एकेका राज्याने मतपट्टी (मत द्यायचं तर आधी भरायचा कर), साक्षरतेची चाचणी, घटनेतला उतारा ‘समजावून सांगा’ अशा अटी घातल्या, कुठेही ‘काळा’ हा शब्द न वापरता. लुईझियानात १८९८ ची नवी राज्यघटना येण्याआधी १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०० मध्ये ५,३२० उरले. पंधरावी दुरुस्ती तेव्हाही पूर्ण अमलात होती, बरं का. आणि ज्यांना अटींनी थांबवता येत नव्हतं त्यांच्यासाठी जमावाची फाशी होती. मेम्फिसमध्ये १८९२ ला तीन काळ्या दुकानदारांना मारलं, तेव्हा त्यातल्या एकाची मैत्रीण असलेल्या पत्रकार आयडा वेल्स यांनी गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतल्या बातम्या गोळा करून दाखवलं की ‘बलात्काराची शिक्षा’ हे बहुतेक वेळा निमित्त असतं. त्यांचा छापखाना फोडला गेला. याच वेल्स यांना पूर्वी रेल्वेच्या डब्यातून ओढून बाहेर काढलं होतं. त्यांनी दावा लावून पाचशे डॉलर भरपाई मिळवली आणि १८८७ मध्ये टेनेसीच्या वरच्या कोर्टाने ती रद्द करून उलट खर्च त्यांच्यावरच टाकला होता.

आता १९६४. तो कायदा करताना १८८३ चा निकाल उभाच होता, आजही तो औपचारिकपणे रद्द झालेला नाही. म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, भर दिला तो आंतरराज्य व्यापारावर कायदे करायचा अधिकार देणाऱ्या घटनेतल्या कलमावर. अटलांटाच्या एका मोटेलने काळ्यांना खोल्या द्यायचं नाकारलं, तेव्हा त्याला हरवलं ते प्रवासी राज्याराज्यांतून ये-जा करतात या मुद्द्यावर. समान संरक्षण नावाचं मोठं दार होतं, आत शिरले ते मालवाहतुकीच्या फाटकातून.

आपल्या घटनेत मात्र ते दार सुरुवातीपासून उघडं आहे. अनुच्छेद १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, पाणवठे यांची नावं घेतं, आणि अनुच्छेद १७ अस्पृश्यता पाळणाऱ्या खासगी माणसालाही धरतं. हे आपोआप झालं नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केलं, त्यात भेदभावाविरुद्धच्या तरतुदी आहेत आणि पुढच्या टिपेत त्या कुठून घेतल्या तेही सांगितलं आहे: अमेरिकेचा १८६६ चा नागरी हक्क कायदा आणि १ मार्च १८७५ चा कायदा. यातला दुसरा स्वतःच्या देशात मरून तेव्हा चौसष्ट वर्षं झाली होती.